पाणाड्या, बोअरवाला आणि मी

"माझं मन सांगतंय," दादा म्हणाला आणि त्याने छातीवर हात ठेवला. बोअर कुठे मारायचा हा वाद तिथेच थांबला. मिटला नाही, नुसता थांबला.

भाच्याने, दादाच्या मुलाने, तालुक्याहून एका भूवैज्ञानिकाला आणलं होतं. त्या पोराने दिवसभर उन्हात खुंट्या ठोकल्या, वायरी पसरल्या, जमिनीत वीज सोडून आकडे लिहून घेतले आणि जाताना नकाशावर दोन फुल्या मारून दिल्या. दोन्ही पश्चिमेच्या तालीखाली, मोठ्या बांधाखाली. पाणाड्याने, म्हणजे जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्याने, दाखवलेली जागा मात्र जुन्या विहिरीच्या वरच्या अंगाला, बाभळीपाशी. भाचा आकडे सांगत होता, दादा ऐकत होता, मधूनमधून मानही हलवत होता, आणि शेवटी हा छातीवरचा हात. आकड्यांना उलट प्रश्न विचारता येतो. छातीवरच्या हाताला काय विचारणार? वहिनीने चहा आणला आणि सगळे पावसाबद्दल बोलायला लागले. माण तालुक्यात हा विषय कधी आटत नाही.

मी ओसरीवर बसून ऐकत होते. जागा कुठली धरायची यात मत द्यायचा मला अधिकार नव्हता. का ते पुढे येईलच. पण त्या वाक्याने माझे कान टवकारले. मी २७ वर्षं कोर्टात लघुलेखक होते, लोक बोलतात ते उतरवून घेणं हेच माझं काम. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून "मला वाटतं, त्यानेच केलं असणार" असं म्हणाला, की समोरचा वकील उठलाच म्हणून समजा. साहेब चष्म्यावरून बघत म्हणायचे, "वाटतं ते राहू द्या. पाहिलं काय ते सांगा." आणि माझी बोटं तेवढ्यापुरती थांबायची.

१८७२ चा पुराव्याचा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमांचे आकडे बदलले, पण हा दंडक तोच राहिला. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं सांगावं. मत सांगायचा मान तज्ज्ञाला, आणि त्यालाही मत कशावरून बनलं ते विचारता येतं. कायद्याची ही धास्ती मला रास्त वाटते. 'मला वाटतं' हे बोलण्यातलं सगळ्यात पक्कं वाक्य आहे, कारण ते खोडता येत नाही. "नाही, तुला तसं वाटत नाही," असं कोण कुणाला म्हणणार?

आणि तरी सगळी 'वाटणी' बाहेर फेकून वाद चालवता येत नाही, हेही तितकंच खरं. कुठलाही युक्तिवाद 'का?', 'का?' करत मागे नेत गेलं, की एक जागा अशी येते जिथे माणूस म्हणतो, "आता हे तर उघडच आहे ना!" तिथून पुढे कारण नसतं. नुसतं दिसणं असतं. भाच्याच्या आकड्यांच्या तळाशीही ते होतंच. त्या भूवैज्ञानिक पोराने दोन फुल्या का मारल्या असं मी त्याला विचारलं होतं. चार कारणं त्याने सांगितली, पाचव्याला हसून म्हणाला, "आणि थोडा अनुभव हो, ताई."

तुकोबांची ओळ आपल्याकडे सगळ्यांना पाठ असते: 'सत्य असत्याशी मन केले ग्वाही, मानियेले नाही बहुमता.' लोक ती 'मनाला येईल ते करा' अशी वापरतात. लग्नपत्रिकेवरसुद्धा पाहिली आहे मी, कशासाठी देव जाणे. कोर्टात इतकी वर्षं काढल्यावर मला त्यातला 'ग्वाही' हा शब्द निराळा ऐकू यायला लागला. ग्वाही म्हणजे साक्ष. मनाला तुकोबांनी साक्षीला उभं केलं आहे, आणि साक्षीला उभं राहिलं की आपल्या वकिलाच्या सरतपासानंतर समोरच्याचा उलटतपास आलाच. तुकोबांना हेच म्हणायचं होतं असा माझा दावा नाही. पण दादाचा छातीवरचा हात खाली न ओढता त्याच्याशी बोलायची एक वाट मला त्या शब्दात दिसली.

पाणाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत आला, जागेवर खूण करायला. साठीचा, अंगाने वाळका, बोलायला गोड. चपला बांधावर काढल्या, सोललेला नारळ शेंडीसकट तळहातावर आडवा ठेवला आणि चालू लागला. बाभळीपाशी आला तसा नारळ थरथरला आणि शेंडी वर करून उभा राहिला. मी दोन हातांवरून बघत होते. हातचलाखी नव्हती. त्याचा चेहरा नारळाकडे बघत होता तो माझ्याइतकाच कुतूहलाने.

त्याला फसवा म्हणणाऱ्यांशी म्हणूनच माझं जुळत नाही. १८५२ मध्ये विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिलं होतं, की मनात नुसती अपेक्षा असली तरी स्नायू हलतात आणि हलवणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे नारळ उभा करतो तो पाणाड्याचाच हात, पण पाणाड्याच्या नकळत. मग प्रश्न असा, की त्या हाताला काही माहीत असतं का? असूही शकतं. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त जमिनीतलं पाणी ओळखण्यावर 'दकार्गल' नावाचा अख्खा अध्याय लिहिला आहे. कुठलं झाड, त्याच्या कुठल्या दिशेला वारूळ, किती हातांवर आणि किती पुरुष खोल पाणी, अशा खुणाच खुणा. चाळीस वर्षं रानोमाळ हिंडलेल्या माणसाच्या डोळ्यांनी उंबर, जांभूळ, वारूळ, उन्हाळ्यातही हिरवी राहिलेली गवताची रेघ हे सगळं टिपलेलं असणार. त्याला ते शब्दांत सांगता येत नसेल, पण हाताला सांगता येत असेल.

हा माझा पाणाड्याच्या बाजूचा सरतपास. आता उलटा.

१९८७-८८ मध्ये म्युनिकजवळच्या एका कोठारात जर्मन सरकारच्या पैशाने पाणाड्यांची मोठी परीक्षा झाली होती. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप, जागा दरवेळी बदललेली. वरच्या मजल्यावर पाणाड्या. सुमारे ५०० जणांतून निवडलेले ४३ आणि एकूण ८४३ चाचण्या. वरून ना झाड दिसत होतं ना वारूळ. प्रयोग करणाऱ्यांनी निष्कर्ष काढला, की बहुतेकांना काही जमलं नाही, पण मोजक्या काहींकडे खरंच देणगी आहे. पुढे जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा मांडले. एका फेरीत ज्यांचं भारी जमलं होतं त्यांचं पुढच्या फेरीत जमत नव्हतं. इतके जण इतक्या वेळा अंदाज करतात तेव्हा काहींचे अंदाज ओळीने बरोबर येणारच.

मी पाणाड्याला विचारलं, "बाबा, आजवर दाखवलेल्यातले कोरडे किती गेले?"

तो मनापासून विचारात पडला. मग म्हणाला, "कोरडा गेला तर मला सांगायला कोण येतंय, ताई? पाणी लागलं की टॉवेल-टोपी घेऊन येत्यात."

हे उत्तर मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवलं. माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्याकडे चाळीस वर्षांचा अनुभव होता, पण अर्धाच. चुकल्याचा निरोप त्याच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. त्यात आपली जमीन अशी, की महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून मोठा भाग लाव्हाच्या थरांनी झाकलेला. वरच्या मुरमात, ओढ्याच्या आसपास कुठेही खणलं तरी पावसाळ्यानंतर थोडंफार पाणी लागतं. पाणाड्याच्या जुन्या यशातलं बरंचसं त्या मुरमाचं. खाली काळ्या पाषाणात मात्र पाणी फटीत किंवा दोन थरांच्या सांध्यात बसलेलं असतं, आणि दहा फूट इकडेतिकडे झालं की हुकतं. विहिरींच्या काळात त्याचं शिक्षण झालं आणि परीक्षा बोअरच्या काळात द्यावी लागली. त्याला कुणी सांगितलंच नाही की पेपर बदलला आहे.

बोअरची गाडी रात्री नऊला आली. गाडीवर नंबर तमिळनाडूचा. नामक्कल जिल्ह्यातलं तिरुचेंगोडे हे गाव बोअरच्या गाड्यांसाठी देशभर माहीत आहे; आमच्याकडे आलेला ऑपरेटरही तिथलाच, चाळिशीचा, बोलायला तुटपुंजा. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि शेजारच्या वस्तीवरची कुत्रीसुद्धा गप्प झाली. आधी तांबूस मुरूम उडाला, मग केसिंग बसवलं, मग करडा फुफाटा सुरू झाला. वीस-वीस फुटांचे रॉड एकापाठोपाठ एक आत. तो माणूस दर रॉडला वाकून फुफाट्याची मूठ उचलायचा, बोटांनी चोळायचा, टाकायचा. उरलेला वेळ लिव्हरवर एक हात ठेवून दुसरीकडेच बघत उभा.

सातव्या रॉडला तो दादाला म्हणाला, "इधर नहीं है. बंद करो."

"कशावरून?" भाच्याने विचारलं. तो प्रश्न बापाला विचारायची त्याची हिंमत झाली नव्हती.

"आवाज." मग जरा थांबून, खांदे उडवून, "चार रॉड से एक ही पाउडर. हॅमर सीधा जा रहा है. दरार होता तो हात में झटका आता."

बघा, पैसे फुटावर असतात. आणखी दोनशे फूट मारले असते तर त्याचाच फायदा. कोर्टात आम्ही सगळे एका गोष्टीवर कान टवकारायचो: साक्षीदार स्वतःच्या नुकसानीचं बोलतो आहे का? मित्राला वाचवणारी साक्ष जड नसते. स्वतःचा खिसा कापणारी जड असते. दादाला हे मी सांगितलं. दादा म्हणाला, "अजून दोन रॉड बघू." दोनाचे नऊ झाले. ३२० फुटांवर गाडी थांबली तेव्हा आमच्या सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

पहाटे चहा घेताना मी ऑपरेटरला विचारलं, मग कुठे मारायचा? ताल दाखवली, फुल्या दाखवल्या. त्याने हात वर केले. "वो मैं नहीं बोलता, अम्मा. ऊपर का मुझे नहीं पता. मैं नीचे का बोलता हूँ, जब चलता है तब."

त्या माणसावर माझा विश्वास बसला तो या वाक्यामुळे. आपल्या अंतर्ज्ञानाची हद्द त्याला ठाऊक होती. वीस वर्षं दर रात्री त्याने फुफाटा चोळला, अंदाज बांधला आणि पुढच्या दहा मिनिटांत जमिनीने त्याला बरोबर किंवा चूक सांगितलं. इतक्या वेळा तोंडावर आपटलेलं मन होतं ते. पाणाड्याच्या मनावर कधी ओरखडा आला नव्हता.

हा फरक पुढे मला एका निबंधात सापडला. डॅनिएल काहनेमन आणि गॅरी क्लाइन हे दोघे मानसशास्त्रज्ञ, विरुद्ध गोटांतले. काहनेमनची हयात माणसाचे अंदाज कसे फसतात हे दाखवण्यात गेली. क्लाइनने अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांचे अचूक अंदाज गोळा केले. त्यातला एक अधिकारी जवानांना घेऊन स्वयंपाकघरातली आग विझवायला शिरला, पाणी मारूनही आग हटेना, आणि एकाएकी त्याने सगळ्यांना बाहेर काढलं. क्षणांत घराची जमीन खचली. खरी आग तळघरात होती. आपल्याला सहावं इंद्रिय आहे असं त्याला वाटत होतं. क्लाइनने खोदून विचारल्यावर निघालं ते असं: एवढ्याशा आगीच्या मानाने खोली फार तापली होती आणि आवाज फार कमी होता. काहनेमनकडे उलट गोष्ट होती, इस्रायलच्या सैन्यातली. तरुण असताना तो आणि त्याचे सहकारी अधिकारीपदाच्या उमेदवारांना एक मोठा ओंडका भिंतीपलीकडे न्यायला लावून त्यांचं नेतृत्व जोखत. अंदाज अगदी ठाम असायचे आणि प्रशिक्षण केंद्राकडून निकाल यायचा, की ते जवळजवळ निरुपयोगी आहेत. पुढच्या तुकडीला ते पुन्हा तितक्याच ठामपणे जोखायचे. या दोघांनी काही वर्षं वाद घालून २००९ मध्ये एकत्र निबंध लिहिला, आणि मतभेद होऊ शकला नाही अशी कबुली त्याच्या शीर्षकातच दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अंतर्ज्ञान विश्वासाचं व्हायला ते क्षेत्र नियमाने चालणारं हवं, आणि माणसाला तिथे चुका करून त्या लगेच कळण्याची भरपूर संधी मिळालेली हवी. आतून किती ठाम वाटतं याला काही किंमत नाही.

हे वाचून मी खूश झाले. पाणाड्या हरला, बोअरवाला जिंकला. दोन दिवस या खुशीत गेले आणि तिसऱ्या दिवशी, भाजी निवडताना, मला माझीच आठवण झाली.

मी २७ वर्षांत किती साक्षी उतरवल्या याची मोजदाद नाही. निवृत्तीच्या समारंभात मीच म्हणाले होते, "साक्षीदाराने तोंड उघडलं की मला कळतं, खरं बोलतोय की खोटं." सगळे हसले, साहेबही. कायद्यालाही हे अगदीच परकं नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २८० व्या कलमानुसार न्यायाधीश साक्षीदाराच्या हावभावाबद्दल शेरा लिहून ठेवू शकत. मी मनातल्या मनात असे शेरे रोज लिहायची. एक आजीबाई आठवते. सुनेच्या खटल्यात साक्षीला आली होती. सारखे तळहात पदराला पुसत होती, प्रत्येक उत्तराआधी जमिनीकडे बघत होती. मी ठरवून टाकलं, खोटारडी. एक गृहस्थ आठवतात, इस्त्रीचा सदरा, न अडखळता बोलणारे, पाचच्या एसटीने आलो म्हणाले. मला वाटलं, असा साक्षीदार असावा! पुढे डेपोची नोंद आली. त्या दिवशी पाचची फेरी रद्द होती.

त्या गृहस्थांबद्दल मला कळलं तरी. आजीबाईंबद्दल आजवर कळलेलं नाही. निकाल लागला, पण निकालाने खरं काय घडलं ते थोडंच कळतं? सुटले म्हणजे खोटं होतं असं नाही, अडकले म्हणजे खरं होतं असंही नाही. हजारो साक्षींतून एखाद-दुसरी डेपोची नोंद. बाकी सगळीकडे मी अंदाज बांधला आणि उठून घरी गेले. कोरडा गेला तर मला सांगायला कोण येतंय? चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटं ओळखण्याबद्दलचे दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा माणसाचा नेम निघाला शंभरात ५४. नाणं उडवलं तर ५०. पोलिस आणि न्यायाधीशही त्यात फारसे सरस नव्हते, तर लघुलेखकांचं काय घेऊन बसलात.

तळहात पुसणारी बाई घाबरलेली आहे, एवढं मला अचूक कळलं होतं. माझ्या मनाने उत्तर बरोबर दिलं होतं, पण प्रश्न वेगळाच होता. 'ही बाई अवघडली आहे का?' या प्रश्नाचं उत्तर मी 'ही खोटं बोलते आहे का?' याच्या खाली लिहून मोकळी झाले.

ही चलाखी एकदा दिसली की मग ती कुठेही दिसायला लागते. 'शाकुंतला'च्या पहिल्या अंकात दुष्यंत आश्रमातल्या मुलीवर भाळतो आणि त्याला शंका येते, ही ऋषिकन्या, क्षत्रियाला चालेल का? मग तो स्वतःची समजूत काढतो: 'सतां हि सन्देहपदेषु वस्तुषु प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः.' सज्जनांना शंका आली की त्यांच्या मनाचा कल हेच प्रमाण. ज्या अर्थी मला हवीहवीशी वाटते, त्या अर्थी ती मला योग्य आहे. हे सुभाषित म्हणून शाळेत पाठ केलं होतं. संदर्भ बाईंनी सांगितला नव्हता. 'मला हवी आहे का?' याचं उत्तर तो 'चालेल का?' याला चिकटवतो आहे. गंमत म्हणजे त्याचा अंदाज खरा निघतो, ती विश्वामित्राची मुलगी असते. पण कालिदास एवढ्यावर सोडत नाही. पाचव्या अंकात तीच मुलगी गरोदर, भर दरबारात, आणि शापामुळे राजाला काही आठवत नाही. तिला नाकारल्यावर तो स्वतःशी कबूल करतो, की आठवत तर काही नाही, पण हृदय इतकं दुखतंय की जणू तेच मला पटवून देतंय. याही वेळी अंतःकरण बरोबरच सांगत होतं. पण आता ते गैरसोयीचं होतं. मागच्या खेपेस प्रमाण म्हणून गाजलेला साक्षीदार या वेळी पुकारलाच गेला नाही.

आता माझ्या अधिकाराचं.

आमचे वडील २००८ मध्ये गेले. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला तो १९९४ मध्ये, पण माझं लग्न त्याआधीचं असल्याने तो मला लागू नव्हता. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अडचणही गेली. हे मला पाठ होतं, अशा दाव्यांतल्या बहिणींच्या साक्षी मी स्वतः उतरवल्या होत्या. आणि तरी वर्षश्राद्धानंतर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन मी हक्कसोडपत्रावर सही करून आले. दहा मिनिटं लागली. कुणी धमकावलं नाही, कुणी मागितलंसुद्धा नाही नीट. "तुला काही नकोच असणार," एवढंच वहिनी म्हणाली, आणि मी म्हणाले, "छे, मला काय करायचंय." पुढे वकील मैत्रिणीने विचारलं, असं का केलंस? मी छातीवर हात ठेवला. "मागणं बरं वाटेना गं."

त्या वाटण्याचा उलटतपास मी फार उशिरा घेतला, बोअरच्या त्या रात्री, फुफाट्यात उभी असताना. ते आलं कुठून? आमच्या एका आत्याबद्दल घरात नेहमी म्हटलं जायचं, "तिने कशाला हात लावला नाही हो," आणि दर दिवाळीला तिची वाट बघितली जायची. दुसऱ्या आत्याने हिस्सा घेतला होता. तिचं नाव निघालं की आई उठून आत जायची. लहानपणापासून मी हे बघत आले. म्हणजे माझं मन काही अडाणी नव्हतं. बोअरवाल्यासारखंच ते शिकलेलं होतं, नियमाने चालणाऱ्या जगात, चुकीची शिक्षा लगेच दिसेल अशा रीतीने. 'हिस्सा मागितला तर माहेर राहील का?' या प्रश्नाचं त्याचं उत्तर तज्ज्ञाचं होतं आणि बहुधा बरोबर होतं. फक्त मी ते 'मागणं योग्य आहे का?' या प्रश्नाला दिलेलं उत्तर समजले. आणि या दुसऱ्या प्रश्नाला ना फुफाटा, ना डेपोची नोंद. तिथे रॉड टाकून बघता येत नाही. फार तर माणसांची अदलाबदल करून बघता येते. दादाने हिस्सा सोडला असता तर आम्ही त्याला मोठ्या मनाचा म्हटलं असतं, की वेडा? वेडाच म्हटलं असतं. मग मला वेडी कुणीच का म्हटलं नाही?

एवढं उमजल्यावर तरी मन बदलावं ना? नाही बदललं. आज पुन्हा तो कागद पुढे आला तर मागणं मला बरं वाटेल का, तर नाही वाटणार. फक्त आता ते वाटणं कुणाच्या बाजूने साक्ष देतंय हे मला ठाऊक आहे, आणि सही करताना पेन जरा जास्त वेळ हातात राहील.

आपल्या नैयायिकांनी, न्याय-वैशेषिक परंपरेतल्या तर्कपंडितांनी, या सगळ्यावर खूप आधी डोकं चालवलं आहे, आणि त्यांचं उदाहरण मला फार आवडतं. प्रशस्तपादाच्या ग्रंथापासून ते चालत आलं आहे. एक मुलगी म्हणते, "उद्या माझा भाऊ येणार, माझं हृदय मला सांगतंय." याला ते प्रातिभ ज्ञान म्हणतात. नवव्या शतकातला काश्मीरचा जयंत भट्ट या मुलीची बाजू घेतो. तो म्हणतो, हे ज्ञान काहीच नसताना उपजलेलं नाही, त्यात शंका नाही, पुढे ते खोटं पडलेलं नाही आणि त्याचं उगमस्थान दूषित नाही. मग त्याला प्रमाण का म्हणू नये? कधी खोटं पडलं, तर तेवढ्यापुरतं अप्रमाण म्हणा. पण जिथे दुसऱ्या दिवशी भाऊ खरंच येतो, तिथे काय म्हणाल? मी जयंत भट्टाच्या समोरची वकील असते तर एकच विचारलं असतं: मुलीने असं किती वेळा म्हटलं आणि भाऊ आला नाही? पण त्याची चौथी अट, उगमस्थान दूषित नसण्याची, ती मात्र मी त्याच्याकडून उसनी घेतली असती. दुष्यंतावर लावायला, आणि माझ्यावर.

पश्चिमेच्या तालीखाली बोअर मारला त्याला १४० फुटांवर दीड इंच पाणी लागलं. तिथे दादाने आठव्या रॉडला मशीन बंद करायला सांगितलं. ऑपरेटर फुफाटा ओला झालाय म्हणून आणखी एक रॉड मागत होता. या खेपेस त्याचं कोण ऐकणार? दीड इंचात डाळिंब निघतं कसंबसं.

परवा रात्री दादाचा फोन आला. दुसऱ्या फुलीवर मारायचं चाललंय, पाणाड्यालाही बोलावलंय, "बघू दे की त्यालाबी." मग जरा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"तू ये," तो म्हणाला. "तू असलीस की लागतंय. माझं मन सांगतंय."

दोन्ही रात्री मी तिथे होते आणि दोनातला एक कोरडा गेला होता, हे माझ्या जिभेवर आलं होतं. शंभरात पन्नास, दादा. नाणं उडव.

"शनिवारी येते," मी म्हटलं. "स्वारगेटहून दहिवडीची पहिली गाडी मिळाली तर दुपारपर्यंत पोचेन. गाडी रात्रीच येणार ना बोअरची?"